भरितावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे. भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी भांडं. काही शहाणे मला परात म्हणतात, ते मला मुळीच खपत नाही. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात धनसिंग सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून कोरलं आणि लोटननानांच्या घरी दिलं. तेव्हापासून मिरची-लसणाचा ठेचा मी किती सोसला, मोजदाद नाही. भरीत फक्कड झालं की लोक करणारीचं नाव घेत, क्वचित माझंही.

ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. गावभर सर्दी-खोकला. चंपाषष्ठीला नव्या सुनेने, कमलबाईने, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, माझ्यात ठेचली. मळ्यात पंगत बसली आणि भाऊबंद बोटं चाटत उठले.

दुसऱ्या दिवशी खोकणाऱ्या नानांना ताप भरला. पाठोपाठ उलट्या, जुलाब. झालं! सासूबाई भागाबाई कडाडल्या, सुनेने वांगी कच्ची ठेवली, बडगी धुतली नाही, घरधन्याला विष घातलं! उलटीत पाणी नको म्हणून नानांचा तांब्याही उचलला. मला सरपणात फेकलं. आणि सुनेच्या बापाला निरोप धाडला, मुलीला घेऊन जा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! कमलबाई चुलीशी बसून मुकाट रडायची. मला वाचा असती तर चार शब्द सुनावलेच असते.

मग भागाबाईही आडव्या झाल्या. तोच खोकला, तोच ताप, त्याच उलट्या. कमलबाईनेच नवऱ्याला, पितांबरला, तालुक्याला पिटाळलं. डॉक्टर मोटारसायकलवर आले. दोघांना तपासून त्यांनी भागाबाईंना विचारलं, भरीत किती खाल्लं होतं?

भागाबाईंनी मान खाली घातली. "मी ते वांगं काशीले सोडी उनू, डाक्टरसाहेब." म्हणजे काशीयात्रेत वांगं सोडलेलं, भरिताचा घासही त्यांनी घेतला नव्हता.

"मग तुमचं पोट कशानं बिघडलं, अक्का?"

डॉक्टरांनी समजावलं, हा सर्दी-तापाचा विषाणू. नाका-घशात शिरतो, पण काहींचं पोटही बिघडवतो. शरीर त्याच्याशी झुंजतं, म्हणून ताप चढतो, अंग मोडून येतं. झुंजणाऱ्याचं पाणी तोडू नका, साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजा. कमलबाई लगेच उठली आणि दोघांच्या उशाशी तांबे भरून बसली.

दोघांना उतार पडत होता तेव्हा तिचा बाप पिशवी घेऊन दारात उभा राहिला. कमलबाईचा चेहरा पांढराफटक पडला. भागाबाई अंथरुणावरूनच व्याह्यांना म्हणाल्या, "याही, मी चुकनू. सून मन्ही शे, आठेच राही."

सून इथेच राहणार! मला असं हायसं वाटलं म्हणून सांगू! कमलबाईने सरपणातून मला काढलं, धुतलं, उन्हात ठेवलं, तेलाचा हात फिरवला.

मित्रांनो, आम्हा लाकडी भांड्यांना पाण्यात भिजत टाकू नका, जीव जातो आमचा. आणि घरात कुणी आजारी पडलं तर आधी त्याला पाणी द्या. रांधणारीकडे बोट दाखवायचंच असेल, तर ज्याने तो घास खाल्लाच नाही त्यालाही एकदा विचारा, तुझं पोट कसं आहे?