गोंद सुकेपर्यंत

बाबा गेल्यापासून धाकटीच्या पायाला भिंगरी लागली होती. घरात बसवेना, ऑफिसात बसवेना. चहा अर्धा टाकून उठायची आणि कशाला उठले हेच तिला आठवायचं नाही. खेळाच्या सामानाच्या त्या लहानशा दुकानातही ती स्टुलावर टेकल्या टेकल्या उभी राहिली.

"अगं बस की! समन्स निघाल्यासारखी काय उभी?" वकीलकाका म्हणाले.

वकीलकाका म्हणजे टेबल टेनिसमधले बाबांचे बावीस वर्षांपासूनचे जोडीदार. क्लबच्या रविवारच्या सामन्यात बाबांच्या जागी त्यांनी परस्पर धाकटीचं नाव देऊन टाकलं होतं. ती एकाच अटीवर तयार झाली, की बॅट बाबांचीच हवी. पण बॅटचं काळं रबर पार गुळगुळीत झालेलं. चेंडू त्यावर फिरत नव्हता, नुसता घसरत होता.

"असंच द्या," तिने दुकानदाराला बॅट दाखवली, पण हातातून सोडली नाही.

"हे आता येत नाही, ताई." त्याने काउंटरवर तीन रबरं मांडली. "हे चिकट. फिरकी झकास, पण जोर सगळा तुमच्या हाताचा. हे उसळतं, नुसतं टेकवलं तरी चेंडू टेबलापार. आणि हे हायब्रिड. वरचा थर चिकट, आतला स्पंज उसळीचा." त्याने हायब्रिडवर चेंडू दाबला आणि रबर उलटं धरलं. चेंडू क्षणभर लटकला, मग टपकन पडला.

"ताब्यात कुठलं राहतं?"

"हेच. हलक्या हाताने खेळलात तर म्हणाल ते ऐकतं. हात मोकळा सोडलात की पळतं."

"आमच्या अशिलांपेक्षा बरं," वकीलकाका म्हणाले. "ते कशानेच ऐकत नाहीत."

धाकटीने हायब्रिड उचललं, ठेवलं. "उसळतं द्या. नाही, थांबा, चिकटच द्या." दाराशी जाऊन आली. मग हळूच विचारलं, "जुन्यावरच नवीन नाही का चिकटवता येणार?"

दुकानदाराने वकीलकाकांकडे पाहिलं. वकीलकाका छताकडे बघू लागले.

"बघू तरी," म्हणत दुकानदाराने बॅट तिच्या हातातच राहू दिली आणि रबरावरून अंगठा फिरवला. मुठीजवळ तो थबकला. "हा फुगा अजून आहेच का!"

"कसला फुगा?"

"इथे रबर लाकडाला धरलेलंच नाही. मी बाबांना दोनदा म्हटलं, नीट करून देतो. नको म्हणाले. धाकटीने लावलंय, असू दे."

तिला तो रविवार आठवला. बस गाठायची होती. बाबा म्हणत होते, थांब, गोंद सुकू दे. आणि तिने "होतं हो" म्हणत ओल्या गोंदावरच रबर थापलं होतं.

"त्या फुग्यापायी आम्ही दोन उपांत्य सामने घालवले," वकीलकाका म्हणाले. "चेंडू तिथे लागला की मेला. मी म्हणायचो, उपट ते! तर म्हणे, कुठे आहे ते मला माहीत आहे ना, मी तिथे चेंडू घेतच नाही."

धाकटीने कडेला नख घातलं आणि रबर सोलायला लागली. ते चिवटपणे, चरचरत निघालं. मुठीजवळ मात्र काहीच ओढावं लागलं नाही.

"हायब्रिड," ती म्हणाली. "गोंद मी लावणार."

"जमेल?"

"नाही. सांगा."

त्याने सांगितलं तसा तिने लाकडावर आणि स्पंजवर गोंद पसरला. तो दुधासारखा पांढरा होता.

"आता?"

"आता बसायचं. पांढरेपणा जाऊन आरपार दिसेपर्यंत."

"पंख्याखाली धरू?"

"नको. त्याचा तो सुकतो."

ती स्टुलावर बसली. हात दोनदा रबराकडे गेला, दोनदा मांडीखाली दडपला. वकीलकाकांनी घड्याळ पाहिलं, येरझारा घातल्या, शेवटी वाकून म्हणाले, "झालं की गं! लाव आता."

"कडेला अजून पांढरं आहे, काका," ती म्हणाली. "बसा जरा."