तळ्यावरची वाट

ओडील ग्राव्हेलने कर खात्याचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि 'अशी माहिती मिळाली आहे' या शब्दांपाशी ती पुन्हा अडकली. माहिती मिळाली म्हणजे कुणीतरी दिली. कुणी?

तसं प्रकरण साधं होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने तळ्याकाठचं खेडं सोडून पलीकडच्या गावातल्या शाळेत नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. नोकरीसाठी घर हलवलं, तर ट्रकचं भाडं, सुरुवातीला लॉजवर काढलेले दिवस, असा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. अट एकच: नवं घर जुन्या घरापेक्षा कामाच्या जागेला निदान चाळीस किलोमीटरने जवळ हवं. अंतर मोजायचं ते सर्वांना खुल्या असलेल्या, नेहमीच्या, जवळात जवळच्या रस्त्याने. तळ्याला वळसा घालून जुनं घर शाळेपासून अठ्ठ्याहत्तर किलोमीटर होतं आणि नवं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. वजावट मिळाली, कराचे पैसे परत आले आणि त्यातून तिने घर गरम ठेवणारी नवी भट्टी बसवलीसुद्धा.

आता पत्र म्हणत होतं, 'हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून केवळ एकोणीस किलोमीटरचा रस्ता आहे, अशी माहिती मिळाली आहे. खुलासा करावा.' खुलासा पटला नाही, तर पैसे व्याजासकट परत करायचे. ते आणायचे कुठून?

बर्फावरची ती वाट कुठल्याच नकाशात नव्हती. ती माहीत होती खेड्यातल्या माणसांना, आणि सगळ्यांत जास्त रोझेर थिबोला. दर हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायची आणि वाट दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या झाडांची रोपटी खोचायची, हे काम तो चाळीस वर्षं आपणहून करत आला होता. तो तिचा भिंतीला भिंत लागून राहणारा जुना शेजारी. ती गेली, ती शिकवायची ती खेड्यातली सहाच मुलं उरलेली शाळा बंद पडली, आणि तेव्हापासून रोझेर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"म्हाताऱ्याने सूड उगवला," ती स्वतःशीच म्हणाली. शनिवारी तिने गाडी काढली.

रोझेरने दार उघडलं, पण तो उंबऱ्यातच उभा राहिला. "वाट चुकलीस का, मास्तरीणबाई?"

"आत घेताय की इथेच बोलू, काका?"

आत चुलीवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं. तिला बघून त्याने टेबलावरचा एक कागद पालथा घातला. ओडीलच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तो कागद कसला?"

"माझा आहे. तुझ्या वर्गात तपासायला आलेला नाही."

तिने पत्र त्याच्यापुढे आपटलं. "हे कुणी कळवलं? खरं सांगा. माझं जाणं तुम्हाला सहन झालं नाही, एवढंच ना?"

रोझेरने चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"मीच सांगितलं," तो म्हणाला.

"कबूल तरी केलंत!"

"अगं, सरकारी कचेरीतून एका पोरीचा फोन आला. फार गोड बोलत होती. ओडील ग्राव्हेल तुमच्या शेजारी राहायची ना, म्हणाली. मी म्हटलं, हो. मग विचारते, तुम्ही लोक पलीकडे जाता कसे? मग मी काय तळ्याला वळसा घालतो म्हणू? चांगला अर्धा तास सांगितलं तिला. बर्फ कसा मोजतो, त्यावर ट्रक कधी सोडतो. म्हटलं, असा रस्ता तुमच्या राजधानीतसुद्धा नसेल!"

"पण ती तुम्हालाच का विचारेल? तुमचा नंबर तिला कुणी दिला?"

"तूच. तुझ्या कागदावर साक्षीदार म्हणून माझं नाव आहे म्हणाली."

ओडीलला आठवलं. वजावटीच्या अर्जात 'जुन्या पत्त्याची खात्री कोण देईल' या रकान्यात तिने त्याला न विचारता त्याचं नाव लिहून टाकलं होतं.

"आणि तो कागद?"

त्याने तो उलटा केला. दुसऱ्या इयत्तेतल्या मुलासारख्या मोठ्या अक्षरात वाटेची मापं लिहिली होती. "लेखी मागितलंय तिने. मला वाटलं, आता आपली वाट नकाशात घालतात."

"घातली, तर मी बुडाले, काका."

मग तिने वर्गात समजावते तसं त्याला एकेक पायरी समजावून सांगितलं. त्याने मध्येच दोनदा तिलाच चुकीचं ठरवलं. शेवटी त्याने नवा कागद ओढला. "सांग, काय लिहू?"

"जे खरं आहे तेच. वाट वर्षाकाठी किती दिवस चालते?"

"सत्तर. बर्फ चांगला धरला तर ऐंशी."

"तिची जबाबदारी कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"सरकार तिला मानतं?"

"सरकार मलाच मानत नाही!"

त्याने लिहिलं. तिने वाचलं. शेवटी त्याने आपल्या मनाचं जोडलं होतं: 'तरीही रस्ता उत्तम आहे.'

"ही ओळ खोडा."

"खोटी आहे?"

"नाही."

त्याने ओळीवरून एक रेघ मारली, इतकी हलकी की अक्षर न् अक्षर वाचता यावं. ओडीलने ते पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

डिसेंबरात उत्तर आलं, ते तिने त्याला फोनवर वाचून दाखवलं: 'सदर वाट सार्वजनिक रस्ता म्हणून धरता येत नाही. वजावट कायम.'

"धरता येत नाही म्हणे," रोझेर पुटपुटला. "चाळीस वर्षं काय हवेतून जात होते लोक?"