चार डाव्या पंखांचं विमान

मी दुमजली पंखांचं एक छोटंसं विमान बोलतोय. दुमजली म्हणजे वर पंखांची एक जोडी, तिच्या खाली दुसरी जोडी, आणि मध्ये काड्यांचे खांब. माझ्यात कोणी बसत नाही. मला जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवतात. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे खेळणंच की! म्हणा खुशाल. एकदा वाऱ्यावर चढून आलं की जमिनीवरच्यांच्या बोलण्याचा राग येत नाही, नुसतं हसू येतं.

जन्मलो तेव्हा मी सपाट होतो. एका चपट्या खोक्यात बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या होत्या आणि त्यांवर माझ्या बरगड्या, कणा, शेपूट असं सगळं कापून ठेवलेलं होतं. बाल्सा इतकं हलकं, की टेबलाशी कोणी मोठ्याने शिंकलं तर माझी चार हाडं खाली पडतात. सोबत एक मोठा घडीचा आराखडा, आणि खोक्याच्या झाकणावर निळ्या आभाळात झेपावणारं माझंच रंगीत चित्र. त्या चित्राकडे बघत मी बरीच वर्षं काढली, कारण माझं सगळं बालपण कपाटावर गेलं.

मला आणलं एका दातांच्या डॉक्टरांनी, त्यांच्या मुलीसाठी. ती तेव्हा दुधाचे दात पडण्याच्या वयाची होती. एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. "येत्या रविवारी बसू हं," असं डॉक्टर म्हणाले. पण त्या रविवारी कुणाची तरी दाढ सुजली. पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची तरी. गावात दाढा पुष्कळ असतात. खालून "रविवारी नक्की" हे शब्द मी इतक्यांदा ऐकले, की रविवार हा कधीच न येणारा वार असतो अशी माझी समजूत झाली होती.

मग एके दिवशी कपाटावर हात आला आणि मी धुळीसकट खाली आलो. भिंगरी आता चांगली उंच बाई झाली होती. तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती आणि ती सामान आवरत होती.

"बाबा," ती खोकं फुंकत म्हणाली, "हे काय आहे, आठवतं का?"

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जसा दवाखान्यात "साखर खाता का?" विचारल्यावर पेशंटचा होतो.

"रविवारी करू," ते सवयीने बोलून गेले.

"पुढच्या रविवारी दुपारी मी विमानात असेन," भिंगरी म्हणाली. "त्याआधी हे उडालं पाहिजे. नाहीतर मी हे असंच खोक्यातून घेऊन जाईन आणि तिकडे एकटी जोडेन."

एवढं म्हणून ती हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी लगेच दवाखान्यात फोन लावला. "अगदीच रडवेले असतील तेवढेच पेशंट घ्या, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा." माझ्या पोटात फुलपाखरं उडायला लागली असती, पण पोट अजून जोडायचं होतं.

जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरला गेला. त्यावर पातळ प्लॅस्टिक, म्हणजे मी कागदाला चिकटू नये. त्यावर माझी हाडं टाचण्यांनी रोवून गोंदाचे थेंब सोडायचे. घरातल्यांनी आठवडाभर मांडीवर ताट घेऊन जेवण केलं. डॉक्टरांनी दवाखान्यातून बारीक चिमटे, आकडे आणि तोंडात घालायचा तो गोल आरसा आणला होता. गोंद लावताना ते मला सवयीने म्हणत, "हं, मोठं उघडा. दुखलं तर डावा हात वर करा."

भिंगरीची आई शाळेत पीटीच्या बाई होत्या. गळ्यात शिट्टी घरीसुद्धा. पंखांवर ताणून बसवायचं चकचकीत लाल प्लॅस्टिक इस्त्रीने चिकटवतात हे कळलं तेव्हा त्या आडव्याच आल्या.

"माझ्या इस्त्रीला हात लावायचा नाही. ते काम मी करीन. तुम्ही दोघं आधी सांगाडा करा सांगाडा!"

सांगाडा झाला. आणि आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गंमत सांगतो.

मला पंखांचे चार तुकडे. दोन डावे, दोन उजवे. आराखड्यावर मात्र जागा वाचवायला एकच बाजू काढलेली असते. दुसऱ्या बाजूसाठी कागद उलटा करायचा आणि मागून तेल फासायचं, म्हणजे रेघा आरपार दिसतात. बापलेकीने काम वाटून घेतलं. भिंगरी डावे पंख करणार, दिवसा. डॉक्टर उजवे करणार, दवाखाना सुटल्यावर.

भिंगरीने चित्र बघितलं. पंख डाव्या हाताला होता. हा डावा, ती म्हणाली, म्हणजे कागद उलटायचं काम बाबाचं. डॉक्टरांनी चित्र बघितलं. पण डॉक्टरांचा सगळा जन्म समोर आ करून बसलेल्या माणसांत गेलेला. पेशंटची उजवी दाढ त्यांना नेहमी डाव्या हाताला दिसायची. त्यामुळे जे डावीकडे दिसेल ते उजवं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एरवीही रिक्षावाल्याला ते "उजवीकडे घ्या" म्हणत आणि मागे बसलेल्या बाई "डावीकडे हो, डावीकडे!" असं ओरडून दुरुस्त करत. तर डॉक्टर म्हणाले, हा उजवा. म्हणजे कागद उलटायचं काम लेकीचं.

कागद कोणीच उलटा केला नाही.

गुरुवारी संध्याकाळी दोघांनी मोठ्या अभिमानाने पंख मला लावून बघितले. एक वर बसला, एक खाली बसला. तिसरा हातात घेऊन डॉक्टर बराच वेळ फिरवत राहिले. असा धरला तर टोक पुढे, तसा धरला तर पोट वर. मग भिंगरीने चारही पंख टेबलावर ओळीने मांडले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे चारही डावे आहेत."

बाईंच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला, की मला वाटलं शिट्टीच गिळली. त्या हसत होत्या. भिंतीला टेकून, पोट धरून, खाली बसून हसत होत्या. "चार डावे!" एवढंच त्यांना म्हणता येत होतं. भिंगरी हसली, डॉक्टर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे आराखड्यावर गेले. दोन पंख पुन्हा करायचे म्हणजे लाकूड हवं, आणि लाकूड संपलं होतं. हातात होते जेमतेम अडीच दिवस.

"काढतो," डॉक्टर म्हणाले. "दोन पंखांच्या बरगड्या मुळासकट काढतो. मूळ न मोडता दाढ काढतो, तशा."

आणि काढल्या की हो! त्या आकड्यांनी, त्या आरशात बघत, एकेक बरगडी सोडवली. एकही मोडली नाही. "दुखलं तर डावा हात वर करा," ते पुटपुटत होतेच. माझे चारही हात डावे होते, कोणता वर करू?

शुक्रवारी उजवे पंख झाले. बाईंनी इस्त्री फिरवली आणि मी टोमॅटोसारखा लाल झालो. नाकावर पंखा, पोटात बॅटरी, पंखांना आणि शेपटीला हलवणाऱ्या इवल्या मोटरी. भिंगरीने माझं नाव ठेवलं दुमजल्या. शनिवारी संध्याकाळी बाईंच्या शाळेच्या मैदानात मला उभं केलं, तेव्हा मला इतका आनंद झाला होता की चाकं थरथरत होती.

रिमोट डॉक्टरांच्या हातात होता. मी धावलो. गवत मागे गेलं, चाकांखालचा खडखडाट थांबला आणि मी हवेत! वाऱ्याने जरा डावीकडे कलवलं. डॉक्टरांनी मला सावरायला उजवीकडे वळवायचं, तर माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि बोटं मात्र पेशंटवालीच. त्यांनी आणखी डावीकडे दाबलं. मी लांब उडीच्या वाळूत नाक खुपसून थांबलो. उडी बरीच लांब होती, हे बाईंनीही नंतर कबूल केलं.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," डॉक्टर वाळू झटकत म्हणाले. "इतकी वर्षं टाळलं, आणि आता मोडून ठेवलं."

"बाबा, तुझा दवाखाना उघडा आहे ना?" भिंगरीने विचारलं.

तर अशा रीतीने मी दाताच्या खुर्चीवर आडवा झालो. वर तो मोठा दिवा. दातात भरतात तो मसाला माझ्या तडकलेल्या कण्यात भरला गेला आणि त्यावर निळा उजेड टाकला, की क्षणात टणक. दारात गाल धरून आलेले एक आजोबा उभे राहिले. त्यांनी मला बघितलं, डॉक्टरांना बघितलं.

"ह्यांचा नंबर माझ्या आधी होता का?"

"इमर्जन्सी आहे," डॉक्टर म्हणाले. आजोबा निमूटपणे बाकावर जाऊन बसले.

रविवार उजाडला. तो खरोखरच आला! फाटकाशी टॅक्सी, टॅक्सीत बॅगा, आणि मैदानात आम्ही. आता रिमोट भिंगरीने घेतला. डॉक्टर हातांची घडी घालून मागे उभे राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं विमान आहे.

मी उठलो. अहाहा! काय सांगू तुम्हाला! खाली शाळेची कौलं, झाडांचे शेंडे, टॅक्सीचा पिवळा टप. माझ्या दुमजली पंखांतून वारा शिट्ट्या घालत होता. मी सरळ लांब गेलो, वळलो, आणि भिंगरीकडे तोंड करून यायला लागलो. तेवढ्यात मी उगाच एका बाजूला कलंडलो.

"बाबा!" भिंगरी किंचाळली. "उलटं झालं! डावीकडे दाबलं की माझ्या उजवीकडे जातंय!"

"उलटं कुठे?" डॉक्टर पुढे धावले. "आत्ता तर सरळ झालं! माझ्याकडे बघतंय ना ते! दे इकडे!"

त्यांनी रिमोट घेतला, आणि वाचकहो, मला एकदम ओळखीच्या माणसाचा हात लागल्यासारखं वाटलं. "हं, मान जरा इकडे... तोंड वर... शाब्बास... आता सावकाश." मी त्यांच्या बुटांशी येऊन अलगद टेकलो.

मग काय विचारता! लेकीने पाठवायचं, बापाने परत आणायचं. मी वळलो की बाई शिट्टी मारायच्या आणि रिमोट या हातातून त्या हातात जायचा. पुन्हा, आणि पुन्हा. तिघंही शाळेतल्या पोरांसारखी ओरडत होती. टॅक्सीवालाही खाली उतरून टाळ्या वाजवायला लागला. शेवटी त्यानेच घड्याळ दाखवलं.

भिंगरी गेली. डॉक्टर मला दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते, त्यामुळे त्यांना हात हलवता आला नाही. त्यांनी रस्त्याकडे बघितलंही नाही. ते माझ्या शेपटीकडे बघत होते, आणि माझी शेपटी ओली होत होती.

त्यानंतर दर रविवारी आम्ही मैदानात जातो. रविवार आता चुकत नाही. पण मला पाठवायचं काम बाईंचं. "सोडायचं तेवढं तू बघ," डॉक्टर म्हणायचे, "आणायला मी आहे." बाईंनी खूप समजावलं, चिडवलं, शिट्टीही मारली. ते ऐकेनात.

आज सकाळी मात्र ते म्हणाले, "आज मी सोडतो."

बाईंनी लगेच भिंगरीला फोन लावला आणि मैदान दिसेल असा उंच धरला. डॉक्टरांनी रिमोट घेतला. "पाठ आहे, तोंड नाही," ते पुटपुटले. "डावं ते डावंच." मी धावलो, उठलो. वाऱ्याने कलवलं, त्यांनी सावरलं. बरोबर बाजूला! मी सरळ निघालो. गोलपोस्ट गेला, पाण्याची टाकी गेली. अजून पुढे, अजून पुढे. आता वळवतील, आता वळवतील म्हणून मी वाट बघत होतो. शिट्टी वाजली. फोनमधून भिंगरी ओरडली, "बाबा, वळव ना!"

"थांब गं," डॉक्टर म्हणाले. "जाऊ दे जरा. किती छान चाललंय."

तर सध्या मी शाळेच्या गायनाच्या वर्गाच्या छपरावर आहे. दोन पंख तडकलेत, बाकी मजेत. खाली शिपाईमामा शिडी शोधतायत आणि बाई त्यांना हातवारे करून दिशा दाखवतायत.

"हाताबाहेर गेलं का रे, बाबा?" फोनमधून भिंगरी विचारते आहे.

"हाताबाहेर नाही. लांब गेलं," डॉक्टर वर माझ्याकडे बघत म्हणतायत. "लांब जाऊन नीट बसलंय."

"मी पण नीट आहे, बाबा."

डॉक्टर बाहीने डोळे पुसतायत आणि हसतायतही. रिमोट काखेत मारून त्यांनी फोनसमोर हात वर केलाय आणि तो जोरजोरात हलवतायत. शिपाईमामा, शिडी सापडली असली तरी जरा सावकाश या. त्यांचा हात अजून हलतोय.