पुतळाबाईचा बयाणा

भिवंडीत केसरीनाथशेठच्या कापडदुकानात मी अकरा वर्षं हिशेब लिहिला, आणि परतीच्या नोंदींवर माझा कायम राग. लग्नसराईत गिऱ्हाईक शालूसाठी पाचशे एक रुपये बयाणा ठेवायचं आणि सोयरीक मोडली की परत न्यायचं. पूर्ण पैसे परत, हा शेठचा शब्दच. डोकं मात्र माझं फिरायचं! विक्रीचा आकडा फुगायचा, गल्ल्याशी जुळायचा नाही. म्हणून मार्चअखेर मी कॉम्प्युटरवर असा प्रत्येक बयाणा आणि त्याची परती, दोन्ही नोंदी उडवायचो. गिऱ्हाईक आलंच नव्हतं असं समजायचं.

२००७च्या फेब्रुवारीत भर दुपारी एक मुलगी आली.

"दिघाशीची मेघाली. आईनं बयाणा ठेवलाय."

तिच्याकडे पावती नव्हती. पावतीशिवाय माल द्यायचा नाही हा नियम मीच केलेला. पण यंदाच्या बयाण्यांच्या वहीत पुतळाबाईचं नाव होतं, पुढे 'मुलगी मेघाली' असंही. नवरीला उन्हातून परत कुठं धाडायचं? शालू तीन हजार पाचशे एकचा. उरलेले तीन हजार तिने मोजून ठेवले, पाचशेच्या सहा नोटा. वर रुपयाची सहा नाणी.

"हे जास्तीचे," मी म्हणालो.

"राहू दे, त्यातलेच हायेत."

पंखा गरगरत होता. नोटा उडू नयेत म्हणून मी वर कात्री ठेवली. तिचा पदर मात्र जराही हलत नव्हता, हे मला नंतर आठवलं.

चार दिवसांनी पुतळाबाई आली. तोंड ओळखीचं वाटलं. तिने पावती पुढे केली.

"दादा, पैसे परत दे. लगीन न्हाय जमलं."

"मावशी, शालू तर मेघाली घेऊन गेली."

ती हळूच बाकावर टेकली.

"मेघालीला जाऊन सहा वर्सं झाली. हळदीच्या आदल्या दिवशी गेली, काविळीनं. तवा शालूचा बयाणा परत नेला. मंग दरसाल ठेवते. आठ दिस घरात लगीन हाय असं वाटतं. परत नेलेले पैसे तिच्या डब्यात टाकते." तिने पावती बोटांनी सपाट केली. "काल डबा उघडला त रिकामा."

मी कॉम्प्युटरवर मागची सगळी वर्षं उघडली. पुतळाबाई कुठंच नव्हती. दरवर्षी मीच तिला माझ्या हाताने पुसलं होतं. सहा परती, सहा नोटा, सहा नाणी. खरं सांगतो, मी घाबरलो. गल्ल्यातून पाचशे एक काढले आणि तिच्यापुढे ठेवले. ही ब्याद एकदाची टळू दे.

"हे नेले त तू काय करशील?" तिने विचारलं.

"नेहमीसारखंच. नोंदी उडवीन."

"मंग ती आलेली बी उडंल?"

तिने पैसे माझ्याकडे सरकवले.

"कंच्या रंगाचा नेला?"

"डाळिंबी."

"तोच," ती म्हणाली. "पयल्या वेळचा." आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती पैसे न घेता दुकानाची पायरी उतरली.

मार्चअखेर हिशेब सहा रुपयांनी जास्त आला. शेठ ओरडले. मी एकही नोंद खोडली नाही.