ओली वाळू

"मल्लम्मा, ह्यांच्यावरची लेबलं कुठं गेली?" तळघरात कंदील वर धरून अमृतरावांनी विचारलं. हातातली बाटली आरशासारखी लखलखत होती.

"धुतली की, मालक. बुरशी यायली हुती. दर श्रावणात राखंनं घासून काढलं. एक बी फुटली न्हाई. मोजून घ्या."

लातूर जिल्हा नवा झाला आणि उदगीरजवळचा हा बंगला सरकारी कचेरीसाठी गेला. म्हणून थोरल्या मालकांचे हे नातू हैदराबादेहून बाटल्या न्यायला आले होते. थोरल्या मालकांनी तरुणपणी फ्रान्सातल्या एका पुरातन द्राक्षमळ्यातून ही दारू आणवली होती. बाटल्या वाळूत आडव्या ठेव, वाळू ओली ठेव, मी येतो, एवढं सांगून ते हैदराबादेला गेले आणि तिकडेच वारले. बंगला राखणाऱ्या, दारूचा वासही न सोसणाऱ्या मल्लम्मानं ती अमानत सोमवारच्या उपासासारखी पाळली. वाळूवर पाणी शिंपल्याशिवाय ती घोटभर पाणी प्यायची नाही. यंदाच्या दुष्काळात टँकरच्या दोनच घागरी वाट्याला येत. त्यातली एक तळघरात जाई.

"मळ्याचं नाव, साल, सगळं लेबलावर होतं," अमृतराव हळूच म्हणाले. "शौकीन लोक साल बघून घेतात, अम्मा. आता हे कुणी घेणार नाही."

"मग उघडून बघा की."

"बुचावर असतं साल. पण बूच काढलं की दारू टिकत नाही."

मल्लम्मानं बाटली पदरानं पुसली. पुसायला काही नव्हतं.

"मला वाचाय येत न्हाई, मालक. त्या कागदावर घराचं चित्र हुतं, दोन बुरुजांचं. लई दिवस टिकलं. मग त्ये बी गेलं."

"वाळूचं तेवढं सांगितलं आजोबांनी. लेबलाचं सांगायला विसरले." ते हसले, पण नजर चुकवून. "राहू दे आता इथंच. कचेरीवाले बघतील काय करायचं ते."

"म्हंजी न्हेणार न्हाई तुमी?"

ते पायऱ्या चढून गेले होते.

सकाळी टँकर आला. दोन्ही घागरी भरून मल्लम्मा तळघराशी आली. दाराला नवं कुलूप होतं, त्यावर कचेरीच्या लाखेचा लाल ठिपका. मग वाकून तिनं दाराखालच्या फटीतून ओंजळभर पाणी आत सोडलं आणि कान लावला. पाणी पहिल्याच पायरीवर जिरलं असावं.

ऊन पायांपर्यंत आलं तरी ती उंबऱ्याशी बसून होती. शेजारी दोन्ही घागरी काठोकाठ, आणि ओठ कोरडे.