उशीच्या खुर्च्या आल्या तेव्हा

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. सिंगापुरात, क्लेमेंटीजवळच्या एका कॉलेजात, बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला माझा मुक्काम. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. पण सगळं ऐकलंत तर तुम्हीही थोडे जळाल.

मलेशियातल्या कठीण लाकडातून एका सुताराने मला घडवलं. माझ्या कडा त्याने घासून घासून गोल केल्या, म्हणून आजवर एकाही मुलीच्या पायाला ओरखडा उठला नाही. मुलींचा संघ जिंकला की कॅप्टन माझ्यावर उभी राहून करंडक उंचावायची आणि सगळ्या फोटोंत मी असायचो. पुढे संघ हरू लागला. हरणाऱ्यांचे फोटो कोण काढतो? माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

मग निशिकांत सर प्रशिक्षक म्हणून आले. दिवसा रॅफल्स प्लेसच्या बँकेत, संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टातच एमआरटी मेट्रोने इकडे. माणूस भला, पण घाईचा. मुली घडवायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणल्या. त्यांतली वल्लरी तर थेट पुण्याहून ट्रान्स्फर घेऊन आलेली. उंच, चपळ, आणि हे स्वतःला पुरेपूर ठाऊक असलेली.

संघ जिंकू लागला, हे मी नाकारत नाही. पण या पाहुण्यांसाठी उशीच्या खुर्च्या आल्या. पाहुण्या माझ्याकडे बघतही नसत. जुन्या मुली मात्र कोर्टावरून उठून माझ्यावर आल्या. माझं गिऱ्हाईक वाढलं, तरी मला आनंद होईना. इतरांना नको झालेली माणसंच आपल्या वाट्याला येतात, हे बाकालाही कळतं.

त्यांत अनुया होती. जन्म इथलाच. सरावाला सगळ्यांच्या आधी यायची, माझ्या डाव्या टोकाला टिश्यूचं पाकीट ठेवायची आणि धावायला जायची. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, टेबल असंच धरतात. वल्लरीला हे कुठून माहीत असणार? एका सामन्याच्या मध्यंतरात खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून ती माझ्याकडे वळली; तिने ते पाकीट फोडलं, घाम पुसला आणि त्या जागी आरामात बसली. अनुया सगळ्यांच्या बाटल्या भरून परत आली.

"ए, ती माझी जागा आहे, लाह," ती इथल्या लकबीत म्हणाली.

"नाव कुठे लिहिलंय तुझं?"

"टिश्यू होता ना तिथे? इथे जागा तशीच धरतात."

वल्लरी हसली. "अगं, बाकावरची जागा धरून ठेवणारी खेळाडू मी पहिल्यांदाच बघतेय."

बाकीच्या मुली हसल्या. अनुयाही हसली, पण बसली नाही. त्या टोमण्यात माझाही अपमान होता, पण मला कोण विचारतो?

सामना संपल्यावर ती सरांकडे गेली. "सर, मला खेळायचंय. दुसऱ्या कॉलेजने विचारलंय मला."

सरांनी फोनवरून नजरही काढली नाही. "अगं, तू तर घरची. तू कुठे जाणार?"

"वल्लरीपण कुणाच्या तरी घरचीच होती, सर."

सरांनी मान वर केली, तोवर ती बसस्टॉपकडे निघाली होती.

नव्या वर्षी ती आमच्याच कोर्टावर आली, निळी जर्सी घालून, पलीकडच्या संघातून. वल्लरी तिला अडवता अडवता दमली. अनुया बास्केटमागून बास्केट टाकत होती. तेव्हा खुर्ची सोडून सर माझ्यावर येऊन बसले. नव्यानेच आणलेली मधुवंती शेजारच्या खुर्चीत होती. तिने विचारलं, "सर, ही निळ्या जर्सीतली कोण? हिला आपल्याकडे आणा ना."

"ही आपलीच होती," सर म्हणाले.

आम्ही तो सामना हरलो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या संघात नवं कुणी आलं तर त्याचं कौतुक जरूर करा. पण जे रोज येतं, बाटल्या भरतं, त्याला कधी खेळायला बोलावलंत, हेही आठवून बघा. घरचं माणूस कुठे जात नाही, असं समजू नका.

आणि माझं विचाराल तर मला आता उशीच्या खुर्च्यांचा हेवा वाटत नाही. मी जळतो पलीकडच्या संघाच्या बाकावर. अख्ख्या सामन्यात अनुया त्याच्यावर एकदाही बसली नाही, आणि तरी ती त्याची होती.