पहिलं बरं की दुसरं

“एका वेळी दोनच भिंगं दाखवायची. तिसरं दाखवलंस की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस खरं सांगायचं सोडून तुझं मन राखायला लागतो.”

नानांनी, म्हणजे वडिलांनी, हे सांगितलं तेव्हा ताई अठरा वर्षांची होती. आता ती एक्कावन्नची झाली, नानांना जाऊनही बारा वर्षं झाली. पण चष्म्याच्या दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत अजून त्यांचाच कायदा चालायचा. खोली इनमीन दहा फुटांची. समोर आरसा आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता. अक्षरं आरशात वाचायची, म्हणजे दहाचे वीस फूट होतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, “पहिलं बरं, की दुसरं?” ताई हे इतक्या हळू आवाजात विचारायची, की गिऱ्हाइकंही प्रार्थनेला बसल्यासारखी कुजबुजत उत्तर द्यायची.

नानांची आणखी एक युक्ती होती. तिला ते खोटी जोडी म्हणायचे. मध्येच एखादं भिंग काढून तेच पुन्हा घालायचं आणि विचारायचं, पहिलं की दुसरं? ताजातवाना माणूस म्हणतो, “सारखंच दिसतंय.” दमलेला माणूस म्हणतो, “दुसरं जरा बरं.” असं कुणी म्हणालं की चौकट काढून घ्यायची, पाणी द्यायचं आणि उद्या या म्हणायचं. त्याच्या आजच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही.

आता गिऱ्हाईक दमतं हे खरं. पण दिवसाला तीस माणसं आणि प्रत्येकाला वीस-वीस वेळा तोच प्रश्न विचारणारी बाईही दमते, हे काही नानांनी सांगून ठेवलं नव्हतं.

घोटाळा झाला तो समोरच्या केस कापणाऱ्याच्या चष्म्यात. ताईने त्याचा नंबर बरोबर काढला, पण कागदावर उजव्याचा डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला लिहिला. धाकट्या भावाने मागच्या टेबलावर भिंगं घासून, लिहिल्याबरहुकूम चौकटीत बसवून दिली. तिसऱ्या दिवशी केस कापणारा एका हेडक्लार्कना दंडाला धरून दुकानात घेऊन आला.

“ताई, जरा यांच्याकडे बघा.”

ताईने बघितलं. हेडक्लार्कना डावी भुवई नव्हती.

“मी डोळे मिटून बसलो होतो,” हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाले. “तसा राग नाही माझा. पण हे म्हणतात, दुसरीही काढू या, म्हणजे जोडी जुळेल. त्याला माझी तयारी नाही.”

ताईने दोघांची क्षमा मागितली, भिंगं तिथल्या तिथे बदलून दिली, आणि त्याच दुपारी डोकं धरून खुर्चीत बसली ती उठेना. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पट्टा सोडता सोडताच म्हणाले, “आठ दिवस रजा. घरी नाही, गावाबाहेर, आणि आठवड्याच्या आत निघायचं. घरी राहिलात तर दुकानात जाल, मी ओळखून आहे तुम्हाला. आणि हे जमणार नसेल तर ती नंबर काढायची खुर्ची सोडायची तयारी ठेवा. आज भुवई गेली, उद्या एखादा ट्रकवाला येईल.”

ताईने खुर्ची सोडली म्हणजे दुकान गेलंच. धाकट्याचा हात भिंगं घासण्यात सोन्यासारखा, पण समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्यामुळे ताईने आठ दिवस कुठेतरी नीट विसावून यावं, ही एकट्या ताईची नाही, घरादाराची गरज झाली. आणि घरादाराची गरज म्हटली की घरादाराचं मत आलंच.

कोपऱ्यावरच्या सहल कंपनीतल्या बाईंकडून धाकट्याने मूठभर रंगीत पत्रकं आणली. जेवणाच्या टेबलावर ती पसरली तेव्हा ताटं ठेवायला जागा उरली नाही.

“बापरे,” भावजय म्हणाली. “आराम करायच्या इतक्या तऱ्हा असतात?”

असतात. मौन शिबिर होतं. हास्य शिबिर होतं. गळ्यापर्यंत चिखलात बसवणारं एक होतं, जंगलात नेऊन उपाशी ठेवणारं एक होतं. दिवसाला अठरा किलोमीटर डोंगर चढवणारं होतं; त्याच्या पत्रकावर एक गृहस्थ कड्याच्या टोकाला एका पायावर उभे होते. एका शेतावर रोज सकाळी तासभर गाईच्या गळ्यात पडून मन हलकं करायचं होतं.

“आणि गाईचं मन कोण हलकं करतं?” धाकट्याने विचारलं.

“मौन नको बाई,” भावजय म्हणाली. “ताई तशाही बोलत नाहीत. जे घरी फुकट होतं त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? मी म्हणते हास्य शिबिर. जोडीला आणखी एक माणूस नेता येतं.”

“ते माणूस कोण?”

“ते ताई ठरवतील,” असं म्हणून भावजयीने ताईच्या ताटात आग्रहाने आणखी भात वाढला.

धाकट्याचा ओढा डोंगराकडे. डोंगराच्या पायथ्याशी भिंगांचा मोठा कारखाना होता आणि दुकानाचा तिथे अडकलेला माल ताईला जाता जाता उचलता आला असता. हे त्याने बोलून दाखवलं नाही. फक्त डोंगरावरची हवा किती चांगली, हे तीन वेळा सांगितलं. ताई दोघांचंही ऐकत होती. ती हास्य म्हटलं की हो म्हणायची, डोंगर म्हटलं की हो म्हणायची. दोन दिवस असे गेले आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले चारच उरले.

“हे असं नाही व्हायचं,” धाकटा म्हणाला. “नानांच्या पद्धतीने करू. चल खुर्चीत.”

दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात ताई आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसली. भावजय दाराशी स्टूल घेऊन बसली. धाकटा दोन हातांत दोन पत्रकं धरून समोर उभा राहिला, घसा साफ केला आणि घामाघूम होत म्हणाला, “चिखल बरा, की उपास?”

“चिखल.”

“चिखल, की गाय?”

“गाय.”

“गाय, की मौन?”

ताईने भावजयीकडे बघितलं. भावजयीचा चेहरा मौनाला अनुकूल नव्हता. “गाय,” ताई म्हणाली.

“गाय, की डोंगर?” हे विचारताना धाकट्याचा डोंगराचा हात आपोआप वर गेला.

“डोंगर.”

“डोंगर, की हास्य?”

भावजय खाकरली.

“हास्य,” ताई म्हणाली.

धाकट्याने हात खाली घेतले. डोंगर गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून निराळी एक शंका त्याच्या मनात आली. शेवटी तोही नानांचाच मुलगा. पाठ वळवून त्याने हास्य शिबिराचं पत्रक टेबलावर ठेवल्यासारखं केलं, तेच उचललं, आणि फिरून ताईच्या समोर धरलं.

“आता शेवटचं. मघाचं ते पहिलं, हे दुसरं. पहिलं बरं, की दुसरं?”

ताईने डोळे बारीक केले. “दुसरं जरा बरं वाटतंय.”

धाकट्याने पत्रक खाली घेतलं.

“ताई,” धाकटा हळूच म्हणाला, “दोन्ही एकच होतं.”

“म्हणजे दोनदा निवडलं,” भावजय म्हणाली. “पक्कं झालं की.”

पण ताईला कळायचं ते कळलं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांना पकडलं त्याच जोडीत ती स्वतः सापडली होती. ती उठली, आपल्या हाताने पाणी प्यायली आणि म्हणाली, “उद्या बघू.”

ताईचा एक नेम होता. सकाळची प्रार्थना होईपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली तरी ती बराच वेळ गप्पच राहिली. भावजयीला वाटलं, मौन शिबिर घरातच सुरू झालं. मग ताई दुकानात गेली, दिवा लावला आणि नंबर लिहायची वही उघडली. वहीत प्रत्येक नावापुढे पहिला रकाना होता: काम काय? शिवणकाम. गाडी चालवणे. वाचन. भिंगाला हात लावायच्या आधी ताई प्रत्येकाला हेच विचारायची, तुम्हाला काय बघायचं असतं आणि नेमकं कुठे अडतं? ते न विचारता भिंगं दाखवत बसलं तर जगातली सगळी भिंगं संपतील आणि माणूस आंधळा तो आंधळाच राहील.

“बाळ,” तिने मागे हाक मारली. धाकटा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, पण हाक तीच होती. “काल तू चुकलास. मीही चुकले. तू मला काम विचारलंच नाहीस.”

धाकटा हात पुसत आला. बहिणीकडे बघून स्टुलावर बसला, पेन्सिल घेतली आणि अगदी परक्यासारखं विचारलं, “कुठे अडतं तुम्हाला?”

“उत्तरं ऐकताना,” ताई म्हणाली. “लोक माझं मन राखायला खोटं बोलतात आणि मला त्यातून खरं वेचून काढावं लागतं. दिवसभर. घरी आले की मी तुमचं मन राखते.”

धाकट्याने लिहिलं: उत्तरं.

“आणि लांबचं दिसत नाही.”

“नंबर वाढला?”

“नंबर ठीक आहे. बघायलाच मिळत नाही. ही खोली दहा फुटांची, दुकान पंधरा, घराच्या खिडकीसमोर भिंत. आरशात वीस फूट दिसतात तेही खोटे. मला लांबवर काहीतरी बघायचंय, आणि पहिलं की दुसरं असं कुणी विचारायला नकोय.”

धाकट्याची पेन्सिल थांबली. इतकी वाक्यं ताई सलग बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग दोघं बहीणभाऊ पत्रकं उलटी करून मागचे अर्ज वाचायला लागले. चिखलवाले विचारत होते, चिखल काळा हवा की लाल? गाईवाले विचारत होते, गाय शांत हवी की खेळकर? सगळ्यांवर कडी मौनवाल्यांची. तिथे उशीचे पाच प्रकार होते, आणि रोज संध्याकाळी मौनाच्या अनुभवावर दोन तास चर्चा होती.

सगळ्यात खाली टंकलेला एक साधा अर्धा कागद निघाला. एक खोली. एक खाट. जेवण असेल ते. खिडकीतून समुद्र. कार्यक्रम नाही. खाली एका निवृत्त दीपगृह-रखवालदाराची सही होती.

ताईने सहल कंपनीतल्या बाईंना फोन केला.

“अहो, ते चुकून आलं तुमच्याकडे,” बाई म्हणाल्या. “तिथे काहीच नाही. मालक तर हूं की चूं करत नाहीत. एक मंडळ गेलं होतं, दुसऱ्या दिवशी परत आलं.”

“निवडण्यासारखं काहीच नाही?”

“काहीच नाही हो.”

“मग तेच द्या,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आपण कुणाच्या तोंडाकडे न बघता उत्तर दिलं, हे तिच्या लक्षात आलं.

भावजयीला ते पचायला जड गेलं. “आठ दिवस पाणी बघणार? मग न्हाणीघरात बादली भरून देते, बघा की.” पण संध्याकाळी तीच ताईची पिशवी भरायला बसली, आणि भरता भरता म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही मला न्याल. पण मी आले तर तुम्ही माझ्याकडेच बघत बसाल. जा एकट्या. हास्याला पुढच्या वर्षी जाऊ, आणि तेव्हा मी काही ऐकणार नाही.”

धाकट्याची चिंता निराळी होती. “मागे मावशीकडे चार दिवस गेलीस आणि तिच्या आळीतल्या सतरा जणांचे नंबर काढून आणलेस. तेव्हा आता शब्द दे. दुकानात फोन नाही. कुणाचा नंबर काढायचा नाही. कुणी तोंडासमोर छापील कागद धरून रडलं तरी नाही.”

‘बघू’ म्हणून सुटायची ताईची जुनी सवय. ‘बघू’ म्हटलं की ती काहीच करायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शब्द मात्र ती सहसा द्यायची नाही. दिला की तो प्रार्थनेइतकाच पाळायची.

“दिला शब्द,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी बसस्थानकावर गर्दी नव्हती. तिकीट खिडकीतल्या बाईंनी ताईचे पैसे घेतले आणि तिकीट फाडण्याआधी गावाचं नाव नीट पडलंय का ते बघायला तिकीट नाकाला टेकवलं. मग हात लांब करून बघितलं. मग पुन्हा नाकाला टेकवलं. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता, आणि तोही जुन्या नंबरचा असावा, हे ताईला आठ फुटांवरून कळत होतं. उजवा डोळा जास्त ओढला जात होता. दोन भिंगं, फार तर तीन मिनिटं.

“काही म्हणालात?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली.

तिने तिकीट घेतलं, बसमध्ये चढली, खिडकीजवळच्या जागेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली, आणि तिकीट खिडकीकडे पाठ करून, रस्ता जिथे संपल्यासारखा दिसत होता तिकडे बघायला लागली.